झुंबर आणि पणती

मुलांनो, या आठवड्यात मी तुम्हांला गंगाखेड तालुक्यातल्या एका घरी घेऊन जाणार आहे. घर माझ्या थोरल्या बहिणीचं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, पाठीत जरा वाकलेली. पण आवाज असा, की गोठ्यातून हाक मारली तर वेशीपर्यंत ऐकू जावी! आक्काची नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. म्हणजे आक्काला पणती झाली. मग मी डिंकाचे लाडू घेऊन निघालो.

मी पोचलो त्या दिवशी बाळ सात दिवसांचं होतं. चहा होतो न होतो तोच दारात आशाताई आल्या. त्यांनी आधी साबणानं स्वच्छ हात धुतले. पिशवीतून तापमापक काढला, ताप मोजला. छोट्याशा झोळीत बाळ ठेवून काट्यावर वजन केलं. मग बाळाच्या पोटावरचं झबलं वर करून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्या एकदम गप्प झाल्या. सगळं घर गप्प.

एक मिनिट झालं. त्यांनी वहीत लिहिलं, अट्ठेचाळीस.

शेजारचं चौथीतलं पोरगं तिथंच लुडबुडत होतं. त्याला काही राहवेना. "ताई, तुम्ही बाळाच्या पोटावर काय मोजलं?"

"श्वास मोजले," आशाताई म्हणाल्या. "बाळाला बोलता येतंय का? छातीत दुखतंय, दम लागतोय, असं त्याला सांगता येत नाही. ते त्याचं पोट सांगतं. एका मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त श्वास झाले, तर मी पुन्हा एकदा मोजते. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, तर तडक दवाखाना!"

आक्का बाजेवर बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "आमच्या मायला हे कुणी सांगितलं असतं, तर?"

आता ही गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. आमच्या आईला कुणी विचारलं, "तुम्हांला लेकरं किती?" की ती म्हणायची, "आठ." मी लहान होतो. मला वाटायचं, आई शाळेत गेलेली नाही, म्हणून तिचं मोजायला चुकतंय. कारण आम्ही भावंडं तर चारच होतो! पुढं मोठा झाल्यावर कळलं, की आई मुळीच चुकत नव्हती. उरलेले चौघे बारसं होण्याआधी, नाहीतर रांगता येण्याआधीच गेले होते. पण आईच्या हिशेबातून ते कधी गेले नाहीत.

त्यांतला एक भाऊ आक्काला चांगला आठवतो. ती तेव्हा सहा-सात वर्षांची होती. तुमच्या घरी बाळाची पाचवी पुजलेली पाहिलीय ना? पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं म्हणतात. म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. त्या रात्री हे काम छोट्या आक्कावर सोपवलेलं होतं. तिनं कागद ठेवला, लेखणी ठेवली. दोन दिवसांनी बाळानं दूध ओढायचं सोडलं. त्याचा जबडा मिटला. अंग ताठ झालं. आणि आठव्या दिवशी ते गेलं.

"मला लई वर्षं वाटायचं," आक्का म्हणाली, "मी लेखणी नीट ठेवली नाही, म्हणून सटवाईनं कमी लिहिलं."

मुलांनो, सहा-सात वर्षांच्या मुलीनं मनात काय धरून ठेवलं होतं, बघा! आणि तिची काडीचीही चूक नव्हती. खरा दोषी होता एक जंतू. डोळ्यांना न दिसणारा.

त्या आजाराचं नाव धनुर्वात. शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं, म्हणून धनुर्वात. त्याचे जंतू मातीत असतात, गुराढोरांच्या शेणात असतात. त्यांची एक गंमत आहे. हवेतला प्राणवायू त्यांना मानवत नाही. म्हणून ते उघड्यावर वाढत नाहीत. खोल जखम किंवा झाकलेली, लिंपलेली जखम सापडली, की तिथं वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष नसांवर चढलं, की स्नायू आखडतात. बाळाच्या जबड्याचे स्नायू आखडले, तर ते दूध कसं पिणार?

आणि हा जंतू बाळाच्या अंगात शिरायचा कुठून? तर बेंबीतून. पूर्वी घरीच बाळंतपण व्हायचं. नाळ कापायला विळा, नाहीतर हाताला लागेल ते पातं. वरून शेणाची राख, कुठं हळद-तेल. सुईण मायेनंच करायची सगळं, पण तिला जंतू कुणी दाखवला होता? आणि आईला गरोदरपणात इंजेक्शन कुठं होतं? आज गरोदर बाईच्या दंडात धनुर्वाताची लस टोचतात. तिच्या रक्तात जंतूच्या विषाशी लढणारी द्रव्यं तयार होतात आणि ती वारेतून पोटातल्या बाळाकडे जातात. म्हणजे बाळ जन्माला येतं तेच चिलखत घालून! लस, स्वच्छ हात आणि निर्जंतुक पातं यांच्या जोरावर आपल्या देशानं हा आजार इतका मागं रेटला, की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं, भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं दूरीकरण झालं.

आता मला सांगा, गावातल्याच एका साध्या बाईला हे सगळं ज्ञान देता येईल, ही कल्पना भारतात कुठं कुठं रुजली? दिल्लीत? मुंबईत? मी तुम्हांला त्यातलं एक ठिकाण सांगतो. आपल्या मराठवाड्याच्या अगदी कुंपणाला लागून, बीड जिल्ह्याची हद्द ओलांडली की जामखेड लागतं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं एक दुष्काळी तालुक्याचं गाव. तिथं दोन डॉक्टर आले. डॉ. मेबल आरोळे आणि डॉ. रजनीकांत आरोळे.

मेबल या जबलपूरच्या एका प्राध्यापकांची मुलगी. जन्म १९३५ चा. रजनीकांत नगर जिल्ह्यातले, शिक्षक आईवडिलांचे चिरंजीव. जन्म १९३४ चा. दोघांची भेट झाली ती तमिळनाडूत वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. दोघंही हुशार. त्या काळात अशा डॉक्टरांना मोठ्या शहरात कुठंही मानाची जागा मिळाली असती. पण १९६० साली लग्न करताना त्यांनी एकमेकांना वचन दिलं, की आपलं आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं.

पहिली काही वर्षं त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या दवाखान्यात काढली. दिवसरात्र काम. बाळंतपणं, शस्त्रक्रिया, ताप, जुलाब, सगळं. अख्ख्या घराचे डॉक्टर म्हणतात ना, तसे ते अख्ख्या पंचक्रोशीचे डॉक्टर झाले. लोक नावाजत होते. पण या दोघांच्या मनात मात्र एक काटा सलत होता. आज जुलाबानं सुकलेलं मूल बरं करून पाठवावं, तर महिन्याभरानं तेच मूल पुन्हा दारात! औषधानं मूल बरं व्हायचं, पण घरी गेल्यावर पाणी तेच, उपासमार तीच आणि समजुतीही त्याच. शिवाय जे दवाखान्यापर्यंत पोचायचेच नाहीत, त्यांचं काय?

घरात नळ फुटून पाणी साचलंय आणि आपण नळ बंद न करता नुसतं फडक्यानं पाणी टिपत बसलोय, असं हे चाललंय, हे त्यांना पटलं. मग त्यांनी काय केलं असेल? ते पुन्हा विद्यार्थी झाले! १९६६ साली दोघं अमेरिकेला गेले. तिथं वैद्यकाचं पुढचं शिक्षण घेतलं आणि जॉन्स हॉपकिन्स या नामांकित विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. एकेका रोग्याकडे बघणं वेगळं आणि अख्ख्या गावाची नाडी बघणं वेगळं. ते दुसरं शास्त्र ते शिकले. आणि १९७० साली सरळ जामखेडला आले.

दवाखाना कुठं सुरू झाला, सांगू? गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याच्या इमारतीत!

आले तोच दुष्काळ. १९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. ते खडी फोडल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या गोष्टी सांगतील. लोक म्हणाले, "डॉक्टर, औषध राहू द्या. आधी पाणी आणि भाकरी बघा." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ते माझं काम नाही. हे दोघं म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मग मुलांना जेवण आणि गावोगाव हातपंप सुरू झाले. पंपांची जागा निवडताना त्यांनी एक युक्ती केली. पंप बसवायचे ते दलितवस्तीत. तेव्हा शिवाशिव फार होती. पण तहान कुणाची जात विचारते का? पाणी हवं तर त्या वस्तीत जायलाच हवं. आणि एकदा एकाच पंपावर हंडे लागले, की माणसंही हळूहळू बोलायला लागतात.

पण गावातल्या बाळंतिणींचं काय? डॉक्टर दोन आणि गावं कितीतरी. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवून पाहिल्या. ते काही नीट जमेना. तरुण मुली, परक्या गावात एकट्या. त्यांनाही भीती वाटायची आणि गावातल्या सासवा म्हणायच्या, "या पोरीला काय ठाऊक बाळंतपण? हिचं अजून लग्न व्हायचंय!"

तेव्हा वेगळा विचार पुढं आला. बाहेरची बाई पाठवण्यापेक्षा गावातलीच एखादी का शिकवू नये? जी सगळ्यांना ठाऊक आहे, रात्री दोन वाजता हाक मारली तर येते, जिची भाषा सुनेलाही कळते आणि सासूलाही! मग गावानं आपल्यातल्या बायका निवडल्या. त्यांच्यातल्या अनेकजणी दलित होत्या. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अनेकींना आयुष्यात "तुला काय वाटतं?" असं कुणी विचारलंच नव्हतं.

या बायकांचा वर्ग डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत घेऊ लागले. दर आठवड्याला बायका जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. पुस्तक नाही, परीक्षेचा पेपर नाही. आधी त्या सांगायच्या, की या आठवड्यात गावात काय काय झालं. मग त्यातूनच धडा.

आता विचार करा, अमेरिकेतून शिकून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी अक्षरओळख नसलेल्या बाईला जंतू कसा समजावायचा? लांबलचक नावं सांगून भागेल का? म्हणून मग तिच्याच घरातल्या गोष्टी घेऊन शिकवायचं. चीक आपल्याला ठाऊक आहे. गाय व्याली, की आपण तिचा चीक आणतो, खरवस करतो, बोटं चाटून खातो. पण बाळंतिणीचं पहिलं पिवळसर घट्ट दूध मात्र लोक 'खराब' म्हणून काढून टाकायचे! वासराला जे चालतं, ते लेकराला का चालू नये? आजाराशी लढण्याचं बळ असलेलं ते दूध म्हणजे बाळाची पहिली लसच.

गरोदर बाईनं कमी खावं, म्हणजे बाळ लहान राहील आणि सुटका सोपी होईल, अशीही एक समजूत होती. त्यामुळे आई अशक्त आणि बाळ इवलंसं, वजनाला कमी. म्हणून या बायका घरोघर सांगू लागल्या, की दोन घास जास्त खा. जुलाब झाले तर पाणी बंद करायचं नाही, उलट पाजायचं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. (हे प्रमाण वहीत लिहून ठेवा. मात्र चहाचा लहान चमचा घ्यायचा आणि मीठ जास्त पडू द्यायचं नाही. दवाखान्यातलं जलसंजीवनीचं पाकीट मिळालं, तर ते उत्तमच.) बाळंतपणाला स्वच्छ हात, स्वच्छ जागा, निर्जंतुक ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेवर काहीही लावायचं नाही.

आणखी एक गोष्ट त्या शिकल्या आणि ती सगळ्यांत अवघड आहे. आपल्याला काय येत नाही, ते ओळखायचं. पायांवर सूज आणि डोकं दुखतंय, रक्त जातंय, बाळ आडवं आहे, अशी लक्षणं दिसली, की क्षणभरही न थांबता जामखेडचा दवाखाना गाठायचा. तिथं डॉक्टर, शस्त्रक्रियेची खोली, सगळं होतं. म्हणजे गावातली बाई आणि दवाखान्यातले डॉक्टर ही एकाच साखळीची दोन टोकं झाली.

आता थोडं गणित करू. १९७१ साली जामखेडच्या परिसरात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघायच्या आतच जात होती. १७६ म्हणजे किती? तुमच्या वर्गात ४४ मुलं आहेत असं धरा. असे चार वर्ग. हजार मुलांच्या शाळेतले चार वर्ग पूर्ण रिकामे! गरोदरपणात तपासणी झालेली बाई तर क्वचितच सापडायची.

आणि पाच वर्षांनी, १९७६ साली? १७६ चा आकडा ५२ वर आला. चार रिकाम्या वर्गांपैकी जवळजवळ तीन वर्ग मुलांनी भरले. ५२ हा आकडाही काही थोडा नव्हे. काम संपलेलं नव्हतं. पण पाच वर्षांत एवढा फरक पडला आणि त्या काळात जामखेडमध्ये काही मोठमोठी इस्पितळं उभी राहिली नव्हती. पाणी आलं होतं, पोटात अन्न गेलं होतं आणि गावोगावच्या बायका शिकल्या होत्या.

ही बातमी जगभर गेली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशोदेशीच्या अशा प्रयोगांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय जाहीर झालं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशातून डॉक्टर, नर्सेस, विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले. आणि त्यांना शिकवायला कोण उभं राहायचं? डॉक्टर तर होतेच. पण गावातल्या त्या बायकाही! काल ज्यांना सही करता येत नव्हती, त्या आज विद्यापीठाच्या पदवीधरांच्या बाई झाल्या.

त्यांतल्याच एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्यांना अमेरिकेत वॉशिंग्टन इथं आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत बोलायला बोलावलं होतं. केवढा मोठा दिवाणखाना, वर लखलखणारी झुंबरं, समोर मोठमोठे तज्ज्ञ. मुक्ताबाई बोलल्या. आपल्या कामाबद्दल सांगितलं. शेवटी त्यांनी वरच्या झुंबरांकडे बोट दाखवलं. ही झुंबरं किती सुंदर आहेत, पण ती बघायला हजारो मैल प्रवास करून यावं लागतं. डॉक्टर हे या झुंबरांसारखे आहेत. देखणे, महागडे आणि आमच्या हाताला न येणारे. असं म्हणून त्यांनी आपल्या पिशवीतून दोन वातीचे दिवे काढले. एक पेटवला. हा दिवा साधा आहे, स्वस्त आहे. पण झुंबराला जे जमत नाही, ते याला जमतं, असं म्हणत त्या दिव्यानं त्यांनी दुसरा दिवा लावला. अशा दिव्यानं दिवा लागत गेला, तर तो उजेड पृथ्वीला वेढा घालील, असं त्यांनी सांगितलं.

दिवाळीत तुम्हीही पणतीनं पणती लावता ना? पहिल्या पणतीचा उजेड त्यामुळे कमी होतो का? मुळीच नाही. ज्ञानाचंही असंच आहे.

पण थांबा, एक गैरसमज नको. झुंबरं नकोतच, असा याचा अर्थ मुळीच नाही. अवघड बाळंतपणात पोट उघडून बाळ काढायला निष्णात डॉक्टरच लागतो. म्हणून तर आक्काच्या नातीचं बाळंतपण दवाखान्यात झालं आणि आज प्रत्येक बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं. मला डॉ. मेबल मोठ्या वाटतात, त्याचं कारण वेगळं आहे. त्यांच्याजवळ झुंबराएवढी विद्या होती. तिच्यावर नाव, पैसा, मान सगळं मिळालं असतं. पण मुक्ताबाईंसारख्या बायकांच्या हातात ती विद्या ठेवताना त्यांना आपण लहान होऊ असं वाटलं नाही. आपल्या वर्गातही असतात बघा काही मुलं, गणिताची युक्ती सापडली की वही हातानं झाकून घेणारी! डॉ. मेबल यांनी आपली वही उघडी ठेवली.

पुढं १९८९ च्या सुमारास त्या युनिसेफच्या कामासाठी काठमांडूला गेल्या आणि दक्षिण आशियातल्या अनेक देशांत माता-बालकांच्या आरोग्याबद्दल सल्ला देऊ लागल्या. १९९४ साली दोघांनी मिळून जामखेडच्या कामावर पुस्तक लिहिलं. १९९९ साली डॉ. मेबल गेल्या. डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. जामखेडचं काम आजही चालू आहे.

ही वाट पुढं आणखीही कुणीकुणी रुंद केली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली काम सुरू केलं. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, पदव्युत्तर परीक्षेत सुवर्णपदक मिळवलेल्या. त्याही जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परत आलेल्या. गडचिरोलीच्या ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. वजन कसं करायचं, ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. २००५ साली 'आशा' योजना आली आणि २०११ पासून आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करायची, असं ठरलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहा भेटी!

आलं का लक्षात? आक्काच्या घरी सातव्या दिवशी मोजले गेलेले ते अट्ठेचाळीस श्वास जामखेडहून आणि गडचिरोलीहून चालत आले होते. एवढं काम करणाऱ्या या ताईंना महिन्याचा ठरलेला पगार नसतो बरं का, मानधन असतं. आणि ते पुरेसं मिळावं म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांच्या वर असलेल्या आशाताईंचा गौरव केला. गौरव झाला, छान झालं. पण आपण निदान त्यांना घरात बसायला पाट द्यावा, पाणी विचारावं आणि त्यांनी सांगितलेलं ऐकावं. खरं ना?

तुमच्यापैकी बऱ्याचजणांना मोठेपणी डॉक्टर व्हायचंय. मला पत्रांतून कळतं ते! परभणीला तर २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. जिंतूर-सेलूच्या, पालम-पूर्णेच्या मुलामुलींना आता आपल्याच जिल्ह्यात डॉक्टर होता येईल. जरूर व्हा. खूप शिका. परदेशी जा, मोठ्या पदव्या आणा. फक्त शिकताना एवढं विचारत राहा, की हे मी आणखी कुणाला शिकवू शकेन?

आणि त्यासाठी डॉक्टर होईपर्यंत थांबायची गरज नाही. येत्या रविवारी दोन कामं करा. आपल्या आजीला विचारा, तिच्या आईला किती मुलं झाली आणि किती जगली. ती काही वेळ गप्प बसली, तर घाई करू नका. आणि दुसरं काम, साखर-मिठाच्या पाण्याचं प्रमाण घरातल्या एका तरी माणसाला, न बघता, तोंडपाठ म्हणून दाखवा. बघा, लागली की नाही एक पणती!

जाता जाता आक्काचं सांगतो. आशाताईंनी तपासणी संपवली, वही मिटली. निघताना त्या आक्काला म्हणाल्या, "आजी, बेंबीला काही लावायचं नाही हं. तेल नाही, हळद नाही, राख नाही." आक्का लगेच म्हणाली, "नाही लावत माय. मला ठावं आहे आता."

आशाताई चौदाव्या दिवशी येते म्हणून गेल्या. जाताना त्यांचं पेन बाजेवरच राहिलं. शेजारचं पोरगं ते घेऊन त्यांच्या मागं धावत सुटलं. आक्का पणतीला मांडीवर घेऊन थोपटत होती. पोराकडे बघत ती म्हणाली, "नीट दे रे बाबा तिच्या हातात. मोठी कामाची लेखणी आहे ती."

बराय मुलांनो, पुढच्या आठवड्यात भेटू. आजीनं काय सांगितलं, ते मला नक्की कळवा.